किल्ली आत, माणूस बाहेर

प्रश्न: काका, नमस्कार. मी रंगारी आहे. गेल्या महिन्यात एका रिकाम्या घरात एकटाच काम करत होतो. मालक परगावी, किल्ली माझ्याकडे. पुटी घासून झाली होती, धूळ बाहेर जावी म्हणून समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. नहाणीत बादली नळाखाली लावली आणि कचऱ्याची गोणी जिन्यात ठेवायला चार पावलं बाहेर गेलो. मागे धाडकन दार लागलं. नाइट लॅच होतं. किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर, फोन चार्जिंगला, चपलासुद्धा आत, आणि नळ चालू! आधी दाराला खांदे मारले. मग शेजारून पेचकस मागून आणला आणि दाराची कड उचकटली. पाऊण तासानं दार उघडलं, तोवर पाणी बाहेरच्या खोलीत आलं होतं आणि चौकट फाटली ती वेगळीच. मालकांनी नुकसानीचे पैसे मजुरीतून कापले. माझं नक्की काय चुकलं? कार्ड घालून असं दार उघडता येतं म्हणतात, ते खरं का?
— एक रंगारी

उत्तर: अरे, तुझं पत्र वाचताना मी दोनदा हसलो आणि एकदा अंगावर काटा आला. हसलो ते चपलांवर. रिकाम्या घरात काम करणारा प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी अनवाणी जिन्यात उभा राहिलेला असतो. मीही एकदा असाच अडकलोय, ते पुढे सांगतो.

दार लागलं ही तुझी मोठी चूक नव्हे. दार लागल्यावर तू दाराशीच भांडत बसलास, तिथे चुकलं. बंद दार कुठे पळून जात नाही, ते तासाभरानंही तसंच बंद असतं. पाण्याचं तसं नाही. साधा नळ मिनिटाला १० लिटर पाणी देतो असं धर. तुझी १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली. पुढे पाऊण तास नळ चालू, म्हणजे साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी. नहाणीची जाळी मोकळी असती तर ते निमूटपणे निघून गेलं असतं. तू लिहिलं नाहीस, पण मला इथे बसून दिसतंय: पुटीचे ब्रश आणि पत्रे तू त्याच नहाणीत धुतले असणार आणि पांढरा गाळ जाळीत बसला असणार. साडेचारशे लिटर पाणी ३० चौरस मीटर जमिनीवर पसरलं तर दीड सेंटीमीटर उभं राहतं. उंबरठा ओलांडायला तेवढं पुरतं.

म्हणून दार लागल्याबरोबर पहिला विचार ‘आत कसा जाऊ’ हा नको. ‘आत काय चालू आहे’ हा हवा. नळ, हीटर, भिंत वाळवायला लावलेला मोठा दिवा, रंग जाळायची बत्ती, उघडा थिनरचा डबा. यातलं काही चालू नसेल तर खाली बस, दम घे, घाई कसलीच नाही. चालू असेल तर ते बाहेरूनच बंद करता येतं का बघ. विजेचा मेन स्विच बहुतेक इमारतींत मीटरपाशी, म्हणजे घराबाहेर असतो. पाण्याचा व्हॉल्व्ह पाइपांच्या बोळात, जिन्याच्या कोनाड्यात किंवा गच्चीवरच्या टाकीशी. चाकाचा असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरव. दांडीचा असेल तर दांडी पाइपाला आडवी कर. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. कुठला पाइप आपला ते कळलं नाही आणि चुकून शेजाऱ्याचं पाणी पाच मिनिटं बंद झालं, तर शेजारी फार तर ओरडेल. ओरडू दे. फक्त लाल रंगवलेल्या पाइपाला हात लावू नकोस, तो बहुधा आगीच्या बंबाचा असतो.

तू शेजारी पेचकस मागायला गेलास. तिथे पेचकसाआधी ‘पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे’ एवढं विचारलं असतंस, तर चौकटही वाचली असती आणि जमीनही.

आता कार्डाचं. पुष्कळांना वाटतं, कुठलंही दार कार्डानं उघडतं. नाइट लॅच एकदा नीट बघ म्हणजे कळेल. दार उघडं असताना लॅचच्या बाहेर आलेल्या जिभेवर अंगठा ठेव. एक बाजू सपाट, दुसरी उतरती. उतरत्या बाजूला दाबलंस की जीभ आत जाते आणि सोडलंस की स्प्रिंगमुळे ‘टक्’ करून बाहेर येते. दार लागताना हा उतार चौकटीवरच्या पट्टीवर घासतो, जीभ स्वतःच मागे सरते आणि पट्टीतल्या भोकात, म्हणजे आपल्या घरात, शिरली की बाहेर उसळते. किल्ली न फिरवता दार बंद होतं ते यामुळे, आणि तू जिन्यात राहिलास तेही यामुळेच. दार आत उघडणारं असेल तर उतार बाहेरच्या माणसाकडे असतो, म्हणून तत्त्वतः तिथे काहीतरी लवचीक सरकवून जीभ मागे ढकलता येते. पण मध्ये चौकटीची खाच येते, कार्डाला दोन वळणं घ्यावी लागतात आणि कार्ड मोडतं. दार बाहेर उघडणारं असेल तर तुझ्याकडे सपाट बाजू येते, तिथे काही चालत नाही. शिवाय बऱ्याच कुलपांत मोठ्या जिभेच्या शेजारी एक छोटी जीभ असते. दार बंद झालं की ती दबलेली राहते आणि मोठीला मागे सरू देत नाही, नेमकी या कार्डवाल्यांसाठीच केलेली सोय. तेव्हा खरं आहे, पण तुझ्या दारापुरतं खरं असेलच असं नाही. त्यात वेळ घालवू नकोस, आणि परक्या दाराशी असं काही करताना कुणी पाहिलं तर तुझं स्पष्टीकरण कुणी ऐकणार नाही.

तार, पिन वगैरे घालून कुलूप उघडायचा नाद तर मुळीच नको. त्या गोल पितळी सिलिंडरच्या आत पाच-सहा बारीक पिना असतात, प्रत्येक पिनेचे दोन तुकडे, वर स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की तिच्या दातांवर साऱ्या पिना अशा उचलल्या जातात की सगळ्यांचे सांधे एका रेषेत येतात. तेव्हाच सिलिंडर फिरतं. एक पीन केसभर वर-खाली राहिली तरी नाही. कल्पना फार जुनी, प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशी कुलपं होती. आज आपण वापरतो ती चपट्या किल्लीची रचना लायनस येल या अमेरिकन माणसानं १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांनी पक्की केली. आणि कुलूप फोडायला किती वेळ लागू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण लंडनचं. जोसेफ ब्रामा या कारागिरानं आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवून ते उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं होतं. साठहून अधिक वर्षं कुणाला जमलं नाही. शेवटी १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून. तोही मुरलेला माणूस, अवजारं त्याच्या हाताशी, आणि त्याच्या मागे नळ वाहत नव्हता.

कुलूपवाल्याला बोलाव. तो काय करतो माहीत आहे? जमलं तर न मोडता उघडतो. नाहीच जमलं तर सिलिंडरला ठरावीक जागी भोक पाडून पिना निकामी करतो आणि नवं सिलिंडर बसवतो. दार शाबूत, चौकट शाबूत. चौकटीचं लाकूड फाटलं की ते भिंतीपासून सोडवावं लागतं, गिलावा पडतो, आणि तू नुकतीच लावलेली पुटीही जाते. मी सुतार आहे, फाटलेल्या चौकटी दुरुस्त करून माझं घर चाललंय, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

एक अडचण मात्र खरी. प्रामाणिक कुलूपवाला तुला विचारणार, ‘घर तुझं का?’ तू काय दाखवणार? अंगात पुटीनं माखलेला शर्ट, पायात काही नाही, नाव विचारलं तर ओळखणारं कुणी नाही. राहत्या घरात शेजारी सांगतात, ‘हो, हे इथलेच.’ रिकाम्या घरात तसं सांगणारं कुणी नसतं. म्हणून मालकाचा नंबर तोंडपाठ हवा, नाहीतर कागदावर लिहून पँटच्या खिशात. पिशवीत नको, पिशवी आतच राहते. फोनमध्ये तर नकोच. मालकानं फोनवर ‘उघडा’ म्हटलं की काम सोपं. त्याला विचारल्याशिवाय काच, कडी, चौकट काही मोडायचं नाही; आग किंवा आत अडकलेलं माणूस असेल तेवढा अपवाद.

आता दार लागलंच कसं? समोरासमोरच्या खिडक्या उघडून तूच वारा घरात घेतलास. सेकंदाला ४ मीटर म्हणजे अगदी झुळूक म्हणावी एवढा वारा. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण १० न्यूटन. तुझ्या दाराचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे दोन किलो वजन दाराला टेकून ढकलत असल्यासारखं झालं. तेल घातलेल्या बिजागरीवरचं दार तेवढ्यानं सहज फिरतं. वारा वाढला की जोर दुपटीनं नव्हे, चौपटीनं वाढतो: वेग दुप्पट, जोर चौपट. म्हणून दार आधी हळू हलतं, आपण म्हणतो ‘राहील’, आणि एका झोतात धाड्.

उपाय? लोक पाचर लावतात. पुटीच्या धुळीत गुळगुळीत फरशीवर पाचर बर्फावर ठेवल्यासारखी सरकते. काही शहाणे बिजागरीच्या फटीत लाकडाचा तुकडा कोंबतात. ते कधीही करू नकोस. दार म्हणजे लांबलचक तरफ आहे. कडेला वाऱ्यानं थोडा धक्का दिला की बिजागरीपाशी त्याचा जोर कितीतरी पट होतो आणि स्क्रू लाकडासकट उपटून येतात. सगळ्यात सोपं असं: दाराला किल्लीनं फिरणारा अडसराचा बोल्ट असेल तर दार उघडं असतानाच किल्ली फिरवून बोल्ट बाहेर काढून ठेव. आता दार चौकटीवर आपटेल, पण लागू शकणार नाही. चौकटीला ओरखडा पडू नये म्हणून बोल्टवर फडकं गुंडाळ. नुसतं नाइट लॅच असेल तर आतल्या बाजूला एक छोटी खिट्टी असते. जीभ आत ओढून ती सरकवलीस की जीभ आतच राहते. तीही नसेल तर दोन्ही बाजूंच्या मुठींना जाड फडकं असं बांध की ते दाराच्या कडेवरून, जिभेवरून जाईल. तुझ्याकडे मास्किंग टेप असतेच, तिनंही जीभ दाबून धरता येते, पण स्प्रिंग ताकदीची असेल तर तासाभरात टेप सुटते. मी तिच्यावर विसंबत नाही.

आणि किल्ली अंगावर. कट्ट्यावर नाही, खिळ्याला नाही, ‘दोन मिनिटांसाठी’ म्हणून डब्यावर नाही. गळ्यात दोरी किंवा चेन लावलेला खिसा.

माझी गोष्ट सांगायची राहिली. माझी दाढी काळी होती तेव्हाची. एका रिकाम्या घरात आतल्या खोलीच्या दाराला नवीन मुठी बसवत होतो. दोन्ही जुन्या मुठी काढल्या. मुठींमधून जाणारी चौकोनी सळई, आठ मिलिमीटरची, मी पोऱ्याच्या हातात दिली आणि त्याला म्हटलं, ‘हिच्या मापाची दुसरी घेऊन ये.’ पोरगा गेला. मी आत बसून चौकटीवरची पट्टी कानसत होतो. वाऱ्यानं दार लागलं. जीभ घरात. दाराला मूठ नाही, सळई नाही, नुसतं चौकोनी भोक. खिडकीला गज. तुझ्यासारखंच मीही आधी दार ओढलं, पण ओढणार कशाला धरून? नखांनी! मग सुताराची चपटी पेन्सिल त्या भोकात घालून फिरवली. पेन्सिल मोडली आणि अर्धा तुकडा आत अडकला, तो काढण्यात वीस मिनिटं गेली. पोरगा यायला दोन तास लागणार होते. घाम पुसताना हातातल्या कानशीकडे लक्ष गेलं. कानशीला लाकडी मूठ नव्हती, नुसतं निमुळतं चौकोनी शेपूट. ते भोकात घातलं, बसेपर्यंत रेटलं आणि फिरवलं. ‘टक्.’ अवजार पहिल्या क्षणापासून माझ्या हातात होतं. पोरगा परत आला तेव्हा मी काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं काम करत होतो. मोडकी पेन्सिल त्याला दिसली, पण तो काही बोलला नाही. चांगला पोरगा होता.

पैशांचं म्हणशील तर चौकट तू फाडलीस, ती तुझ्या माथी. पाण्याचंही तुझंच. पण मालकानं परगावी जाताना एकच किल्ली दिली आणि इमारतीत दुसरी कुणाकडे ठेवली नाही, यात त्याचाही वाटा आहे. हे त्याच्याशी नीट बोल, भांडणाच्या सुरात नको. पुढच्या कामाला हात लावण्याआधी दोन किल्ल्या माग. एक तुझ्या गळ्यात, दुसरी त्या इमारतीतल्या मालकाच्या ओळखीच्या माणसाकडे. पायपुसण्याखाली आणि कुंडीत नको, तिथे चोर आधी बघतो.

प्रश्न: दादा, मी रिकामी घरं भाडेकरू येण्याआधी झाडून-पुसून देते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बाल्कनी धुवायला गेले, सरकतं काचेचं दार धूळ आत जाऊ नये म्हणून ओढून घेतलं आणि आतला खटका आपोआप पडला. फोन आत. भर दुपार. दोन तास ओरडले, शेवटी खालून जाणाऱ्या एकानं बघितलं. शेजारच्या बाल्कनीचा कठडा जेमतेम एक मीटरवर होता, तिथे पाय टाकावा असं सारखं मनात येत होतं. टाकायला हवा होता का? काच फोडायला हवी होती का?
— घरकाम करणाऱ्या एक ताई

उत्तर: ताई, तुम्ही पाय टाकला नाहीत म्हणून हे पत्र लिहू शकलात. एक मीटर अंतर जमिनीवर काहीच नाही. तिसऱ्या मजल्यावर, ओल्या पायांनी, कठड्यावर चढून ते अंतर पार करणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय पलीकडच्या बाल्कनीचं दार तरी उघडं असेल कशावरून? तिथे पोचून तुम्ही दुसऱ्या बाल्कनीत अडकला असता, एवढंच. या प्रश्नाला माझं उत्तर कधीही, कुणालाही, नाहीच असेल. चादरी बांधून उतरणं, पाइपाला धरून उतरणं, सगळ्यालाच.

तुमच्याकडे पाणी होतं ही जमेची बाजू. उन्हात अडकलं की आधी सावलीचा कोपरा धरायचा. ओलं फडकं डोक्यावर आणि मानेवर, बसून राहायचं. सलग ओरडू नका, घसा जातो आणि खालच्या माणसाला ते भांडण वाटतं. बादली किंवा झाडूची दांडी कठड्यावर तीनदा आपटा, थोडं थांबा, पुन्हा तीनदा. एकसारख्या आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात. ठरावीक अंतरानं येणाऱ्या तीन ठोक्यांकडे मान वळते. रंगीत कपडा हलवा. कुणी बघितलं की ‘वाचवा’ म्हणून मोकळं होऊ नका. मजला, घराचा क्रमांक, ‘दार आतून लागलंय, किल्ली अमक्याकडे आहे’ असं तुकड्यातुकड्यानं सांगा. खालच्या माणसाला काय करायचं ते कळलं पाहिजे, नाहीतर तो नुसता वर बघत उभा राहतो.

काचेचं. जिवाला त्रास होऊ लागला, चक्कर यायला लागली, आत लहान मूल किंवा पेटती शेगडी असली तर फोडा, मालकाचा विचार नंतर. पण काच कुठली ते आधी बघा. कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुधा बारीक शिक्का असतो. ती फुटली तर बोथट चुऱ्यासारखी होते, पण मधोमध मारून सहज फुटत नाही, कारण ताकद मध्यभागी आणि दुबळेपणा कडेला. कोपऱ्यापाशी टोकदार, कठीण वस्तूनं मारावं लागतं. साधी काच लगेच फुटते, पण तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात आणि वरचा तुकडा नंतर सावकाश खाली येतो. हात आत घालणाऱ्यांचं मनगट तिथेच कापतं. दोन्हींत तोंड फिरवून, बाजूला उभं राहून, हाताला फडकं गुंडाळून. शेजारी छोटं तावदान असेल आणि त्यातून खटक्यापर्यंत हात पोचत असेल तर तेच फोडा, मोठं दार नको.

पुढच्या वेळी बाल्कनीत पाऊल टाकण्याआधी दाराच्या खालच्या रुळात काहीतरी आडवं घाला. झाडू पुरतो. दार झाडूपाशी अडतं, खटका पोचतच नाही. धूळ आत येईल, येऊ दे, पुन्हा पुसा. फोन कमरेला. त्याला पासवर्ड असला तरी आणीबाणीचा नंबर कुलूप न उघडता लावता येतो, आणि ११२ हा तर मोबाइलच्या जीएसएम व्यवस्थेतच आणीबाणीसाठी धरलेला आकडा आहे. तुमच्यासारख्या एकट्या काम करणाऱ्या बायकांना मी आणखी एक सांगतो: घरी किंवा मैत्रिणीला कामाची जागा आणि संपायची वेळ सांगून ठेवा. ‘पाचपर्यंत माझा फोन आला नाही तर तू कर, उचलला नाही तर ये.’ फक्त ‘कामाला जातेय’ एवढं सांगून उपयोग नाही, कारण मग सहा वाजले, सात वाजले तरी कुणाला वावगं वाटत नाही.

प्रश्न: माझं एक घर रिकामं असतं, कामाला वेगवेगळी माणसं जातात. किल्ल्यांची देवाणघेवाण नको म्हणून आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवायचं मनात आहे. आपलं मत?
— एक घरमालक

उत्तर: बसवा. किल्ली हरवायचा प्रश्न सुटतो, कामाच्या माणसाला तात्पुरता आकडा देऊन काम झाल्यावर बदलता येतो. पण तीन गोष्टी. यातली बरीच कुलपं दार बंद झाल्यावर काही सेकंदांत आपोआप लागतात, म्हणजे वरच्या रंगाऱ्याचा प्रकार तुमच्याकडे दिवसातून दहादा होणार. फरक इतकाच की आकडा लक्षात असला तर त्रास नाही. तेव्हा आकडा फोनवर पाठवलात तरी कामगाराला तोंडपाठ म्हणून दाखवायला सांगा. फोन आत राहिला तर पाठवलेला आकडाही आतच राहतो.

दुसरं, सेल. रिकाम्या घराकडे महिनोन्महिने कुणी फिरकत नाही आणि सेल संपल्याचा लाल दिवा रिकाम्या जिन्यात लुकलुकत राहतो. पुष्कळ कुलपांना खालच्या बाजूला दोन धातूचे ठिपके असतात. त्यांना ९ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून धरला की कुलूप आकडा टाकण्यापुरतं जागं होतं. आपल्या कुलपाला ते आहेत का ते घेण्याआधी बघा, आणि साधे अल्कलाइन सेलच घाला. पुन्हा चार्ज होणारे सेल शेवटपर्यंत विजेचा एकसारखा दाब देतात आणि मग एकदम बसतात, त्यामुळे इशारा उशिरा मिळतो.

तिसरं, किल्लीचंही भोक असलेलंच घ्या आणि ती किल्ली घराबाहेर ठेवा. हसू नका, मी ती घराच्या आतल्या ड्रॉवरमध्ये बघितली आहे.

प्रश्न: काका, कुलपात किल्ली अर्धी तुटली. दुसरी किल्ली आहे. ती रेटून आतला तुकडा ढकलू का? एक जण म्हणाला, तुकड्याला झटपट गोंद लावून चिकटव आणि ओढ.
— एक वायरमन

उत्तर: दोन्ही नको. रेटलास तर तुकडा मागे जाऊन बसतो, गोंद लावलास तर पिना कायमच्या चिकटतात. आधी बघ, सिलिंडर थोडं फिरलेल्या अवस्थेत किल्ली तुटली का. फिरलेलं असेल तर तुकडा कितीही ओढलास तरी येणार नाही, पिना त्याला धरून ठेवतात. बारीक पेचकसाच्या टोकानं सिलिंडर किल्ली घालायच्या मूळ जागी आण. मग तुकड्याचं टोक दिसत असेल तर बारीक चिमट्यानं सरळ बाहेर ओढ, वर-खाली न हलवता. तेल घालू नकोस, तेलावर धूळ बसून चिखल होतो; पेन्सिलच्या शिशाची पूड फुंकून घाल. दिसत नसेल तर कुलूपवाला.

आणि तुटलेले दोन्ही तुकडे टाकू नकोस. त्यांना शेजारी ठेवून नवी किल्ली कापता येते. झिजलेल्या किल्लीवरून कापलेली किल्ली झिजलेलीच निघते, म्हणून दुसरी किल्ली कमी वापरातली असेल तर नमुन्याला तीच दे.